जो प्रश्न बाईला, तोच बाप्याला

वसुंधराबाईंनी भंडारा उचलला तो मनातल्या मनात हसत. पनवेलच्या कॉलेजातली मानसशास्त्राची प्राध्यापिका, वर्गात अंगारे-धुपारे आणि शकुन-अपशकुन यांची सालं काढणारी बाई. ती खाडीत नांगरलेल्या होडीत बसून हळदीच्या पुडीवर हात ठेवून शपथ घेतेय, हे कुणी पाहिलं असतं तर स्टाफरूममध्ये महिनाभर तेवढंच चघळलं असतं. पण पाहायला होतं कोण? एक बगळा आणि समोर बसलेला सुभाष. कुणी पाहू नये, ऐकू नये म्हणून तर सुभाषनं होडी निवडली होती.

गोष्ट त्र्याण्णव सालची. बंदर नवं होतं. गव्हाणच्या बाजूचे कितीतरी बाप्ये जाळी खुंटीला टांगून बंदरावर कामाला लागले होते, सुभाषही त्यातलाच. वसुंधराबाईंनी संशोधन काढलं होतं ते घरातल्या आजारपणाचं. घरात दुखतं कुणाला, दुखल्याचं सांगतं कोण, डॉक्टरकडे न्यायचं की भगताकडे हे ठरवतं कोण, असं सगळं त्या विचारायच्या. पद्धत मोठी कडक. नवऱ्याला वेगळं बसवायचं, बायकोला वेगळं, आणि जो प्रश्न बाईला तोच बाप्याला. शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. "तुम्हाला रडू येतं का?" असं विचारलं की बाप्ये आधी खो खो हसायचे, आणि मग बराच वेळ खाडीकडे बघत बसायचे.

आणि दुसरा नियम गुपिताचा. नवऱ्याचं बायकोला सांगायचं नाही, बायकोचं नवऱ्याला नाही, आणि दोघांचं सासूला तर मुळीच नाही. त्यासाठी बाई सगळ्यांपुढे एक कागद ठेवायच्या. सुभाषनं त्यावर न वाचताच सही ठोकली.

"कागदाचं काय वो बाई," तो म्हणाला. "कागद पान्यात भिजतो." त्यानं खिशातून एक पुडी काढली. आत चिमूटभर भंडारा आणि बेलाचं वाळकं पान. "ह्याच्यावर हात ठेवा. बोला, सुभाष बोलला ते त्याच्या बायकोला, आयेला, गावात कोनाला सांगनार नाय."

बाईंनी हात ठेवला आणि म्हटलं. आपल्या कागदापेक्षा हे बरं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग सुभाष बोलला, आणि बाईंचं हसू जे गेलं ते गेलंच.

"आमाला पोर व्हत नाय, तो दोष मनिषाचा नाय. माझा हाय. बंदरावरचा एक दोस्त मना मुंबईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलता. तिथं तपासलं, परत बोलावून तपासलं. डाक्टर बोलला, तू बाप व्हनार नाय. याला औषध नाय."

"घरात कुणाला ठाऊक आहे?"

"कोनाला नाय. तुमीच पयल्या." त्यानं ओठ पुसले. "आयेला समजलं तर ती मरंल. गावात समजलं तर मी मरन."

"आणि मनिषा?"

सुभाषनं पायाशी पडलेला डबा उचलला आणि होडीतलं पाणी उपसायला लागला. होडीत पाणी नव्हतंच. कोरड्या फळ्यांवर डबा खरवडत राहिला तो.

मनिषा ही त्याची बायको. तिच्याशी बाईंचं बोलणं व्हायचं अंगणात, उन्हात पसरलेला जवळा हलवता हलवता. सासू कृष्णाबाई ओट्यावर बसून नजर ठेवायची. नजर पोचायची, कान पोचायचे नाहीत. मनिषा मोठी तिखट जिभेची पोरगी. पहिल्याच दिवशी तिनं बाईंना अडवलं होतं.

"तुमाला रडू येतं कं, बाई?"

"मी तुला विचारतेय ना?"

"तर काय झालं? तुमीच बोलला, जो प्रश्न बाईला तोच दुसऱ्याला. मग मना इचारता तो तुमाला का नको?"

बाईंना हसू फुटलं आणि उत्तर द्यावं लागलं. तेव्हापासून दोघींचं जमलं. बाईंच्या प्रश्नांत शेवटचा एक प्रश्न असा होता: तुमचं दुखणं कुणाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून गप्प कोण राहिलं? त्यावर मनिषा तोंडाला पदर लावून हसली होती. "गप? आमच्या गावात? अवो, हितं कोनाच्या पोटात दुखलं तर उलव्यापर्यंत बातमी जाते. गप कोन ऱ्हात नाय, बाई. लिवा, कोन नाय." बाईंनी तसंच लिहून घेतलं होतं.

ते होडीच्या आधीचं. होडीनंतर बाईंना त्या अंगणात बसणं जड व्हायला लागलं. मनिषा हसत हसत सांगायची आणि बाईंची नजर वहीतून वर यायची नाही. उपास सांगायची, भगताचा कडू काढा सांगायची, तो प्याल्यावर दोन दिवस अन्न ठरत नाही ते सांगायची. एकदा तर तिनं इकडेतिकडे बघून लुगड्याची घडी थोडी खाली केली. बेंबीच्या दोन्ही बाजूंना तापल्या विळ्याचे डाग होते. एक जुना होता आणि एक अजून ओला.

"गर्भ धरत नाय, तर तिथली गाठ जाळायची म्हने," मनिषा म्हणाली. "भगत बोलला, अजून एकदा लागंल. मी त्याला बोलले, आरं बाबा, तुझ्या बायकोला आधी दे, मग मना दे." आणि हसली. मग जवळा हलवायचा हात थांबला. "पन आता त्याची गरज नाय. आत्यांनी ह्यांच्यासाठी उरणकडची सोकरी बघलीय. येत्या रविवारी गावकी बसनार. माझी सोडचिठ्ठी व्हनार हाय."

"असं होत नाही, मनिषा. पहिली असताना दुसरी करता येत नाही. कायदा आहे."

"कायदा पनवेलच्या कोर्टात. हितं पंच काशिराम तात्या."

"मग तू काय करणार?"

"बाबा घेईल ना परत. मिठागरावर एकटाच असतो, भाकरी थापायला मानूस व्हईल त्याला." तिनं मुठीतला जवळा तिथंच सोडला. "पन वांझ म्हनून जानार, बाई. सोडलेली, आनि वर वांझ. हळदीला कोन बोलावनार मना? कोनाच्या पोराला उचलून घेतलं तर आई त्याची हिसकून घेनार. माझा दोष असता तर मी सोसलं असतं. माझाच असंल म्हना. माझाच हाय ना?"

बाईंच्या ओठांवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. ओट्यावर कृष्णाबाई खोकली, आणि बाईंनी वही पिशवीत घातली आणि उठल्या. पळाल्या म्हटलं तरी चालेल.

पनवेलला घरी येऊन त्यांना घास गिळेना. त्यांचे यजमान चारुदत्त, बाजारात औषधांचं दुकान चालवणारे, शांत डोक्याचे गृहस्थ. त्यांनी ताटाकडे बघितलं आणि बायकोकडे बघितलं.

"काय झालंय?"

"सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"मग सांगू नकोस."

"पण न सांगितल्यानं एकीचं वाटोळं होतंय, चारू."

"आणि सांगितल्यानं?"

"दुसऱ्याचं होईल. आणि पुन्हा त्या गावात माझ्यापुढे कुणी तोंड उघडणार नाही. कुठल्याच गावात नाही."

चारुदत्तांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. "तू संशोधन करतेस, वसू. गावची पंच नाहीस."

उत्तर शहाणपणाचं होतं, आणि बाईंना त्याचा असा संताप आला की ताट तसंच टाकून त्या उठल्या. मोरीत हात धुताना त्यांना रडू आलं. खरंच, येतं की रडू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलेजला दांडी मारली आणि बंदराच्या फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पाळी सुटल्यावर सुभाष आला. बाईंना पाहून त्याचा चेहरा उतरला. टपरीच्या मागे दोघं उभी राहिली.

"तू सांग," बाई म्हणाल्या. "मी सांगणार नाही. पण तू सांग. तुझ्या तोंडानं गेलं तर माझा शब्द राहील आणि तिचं घरही राहील."

"सांगन ना."

"कधी? रविवारी गावकी आहे."

"रविवारच्या आत सांगतो. आयेला बाजूला घेतो आनि सांगतो."

"आणि नाही सांगितलंस, दुसरी आणलीस, तर तिला पोर होणार आहे का रे? मग तिच्याही पोटाला डाग देणार?"

"तवाचं तवा बघू."

बाईंचे हात शिवशिवले. चारचौघांत नसत्या तर त्यांनी एक ठेवून दिली असती. पण सुभाषच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेच त्यांना सहन होईना. धड राक्षस असता तर बरं झालं असतं. हा साधा घाबरट माणूस होता, आईच्या धाकातला आणि गावाच्या हसण्याला भ्यालेला.

"तुमी भंडारा उचललाय, बाई," तो हळूच म्हणाला.

"आठवण करून देऊ नकोस मला," बाई म्हणाल्या.

शनिवारपर्यंत काही झालं नाही. रविवारी सकाळीच गावचा माणूस पनवेलला दारात हजर. काशिराम तात्यांनी बोलावलंय, कॉलेजच्या बाईंनी गावकीला यावं. का, तर त्याला ठाऊक नव्हतं. चारुदत्त म्हणाले, जाऊ नकोस. बाईंनी चपला घातल्या.

देवळापुढच्या मांडवात गाव जमलं होतं. बाप्ये पुढे, बाया मागे भिंतीला टेकून. मधे पाटावर तांब्याचं ताट होतं, ताटात भंडाऱ्याची रास आणि ताजा बेल. काशिराम तात्या हे गावकीचे पंच. वाळलेल्या अंगाचा म्हातारा, बोलणं मोजकं, पण रीतीला पक्का. मनिषा एका बाजूला बसली होती. तिच्याशेजारी तिचा बाप चांगो, मिठानं फुटलेले पाय अंगाखाली घेऊन, मान खाली घालून. लेकीचं बोचकं त्यानं आधीच मांडीवर घेऊन ठेवलं होतं.

"बाई, बसा," तात्या म्हणाले. "तुमच्यावर बोल आलाय. म्हनून बोलावलं."

"माझ्यावर?"

कृष्णाबाई ताडकन उठली. "तर कोनावर? ही मास्तरीन येते, माझ्या सुनेला उन्हात बसवते, कुजूबुजू कुजूबुजू करते. मी आले की गप! हिच्या नवऱ्याचं पनवेलला औषधाचं दुकान हाय, ठावं हाय मना. पोर व्हऊ नये म्हनून गोळ्या असतात. ह्या शिकलेल्या बाया समद्यांना त्याच गोळ्या देतात. हिनं दिल्या आनि माझी सून गिळते! मी काढे देते, भगत करते, नि ही चोरून गोळ्या गिळते! सांगा तात्या, माझ्या सुभाषचा वंश कोनी बुडवला?"

मांडवात गलका उठला. बाईंच्या कानशिलांतून धग निघाली. इतके दिवस जपलेलं गुपित, आणि त्याच्या जागी हे! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. त्यांनी सुभाषकडे पाहिलं. तो खांबाला टेकून उभा होता आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"मी कधीही गोळ्या दिल्या नाहीत," बाई म्हणाल्या.

"बोलून नाय चालत हितं," तात्या म्हणाले. "उचला."

बाई पुढे झाल्या. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी भंडाऱ्यावर हात ठेवला, या वेळी हसू कुठल्या कुठे होतं. "मी मनिषाला गोळी दिलेली नाही. माझ्या नवऱ्यानं दिलेली नाही. खोटं बोलत असेन तर देव बघून घेईल." मूठभर उचलून त्यांनी कपाळाला लावला.

मग तात्यांनी मनिषाला बोलावलं. ती आली तशी बसली आणि दोन्ही हातांनी भंडारा उचलला. "मी गोळी गिळली नाय. पाला खाल्ला नाय. पोर नको असं माझ्या मनात कदी आलं नाय." आवाज शेवटी चिरकला. "माझ्यात दोष असंल तर तो देवानं दिलाय. मी केला नाय." मागे भिंतीला टेकलेल्या बायांपैकी कुणीतरी नाक ओढलं.

"बरं," तात्या म्हणाले. "गोळीचा बोल खोटा ठरला. आता ऱ्हायला मूळ बोल. पोर नाय." ते बाईंकडे वळले, आणि बाईंना कळलं की आता सुटका नाही. "बाई, तुमी ह्या घरात नवऱ्याला बसवलं, बायकोला बसवलं. समदं इचारलं. तुमाला ठावं असंल. दोष कोनात हाय?"

खांबाशी सुभाषची उकराउकरी थांबली. चांगोनं पहिल्यांदा मान वर केली. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती की बाईंना तिकडे बघवेना. मनिषाही बघत होती. एक वाक्य, फक्त एक वाक्य. बोललं की ही पोरगी ताठ मानेनं घरी जाईल. आणि बाईंनी ज्या ज्या घरात बसून 'कुणाला सांगणार नाही' म्हटलं होतं, त्या सगळ्या घरांत तेच वाक्य खोटं पडेल. हातावरची हळद अजून ओली होती.

"तात्या," त्या म्हणाल्या, "मी सांगू शकत नाही. मला जे ठाऊक आहे ते सगळ्यांचंच मी गुप्त ठेवलंय. तुमच्याही घरचं. तुम्हीही माझ्यापुढे बसला होतात."

तात्यांची भुवई हलली. तेही बसले होते, आणि काय बोलले होते ते त्यांना पक्कं आठवत होतं.

"बघा, बघा!" कृष्णाबाई म्हणाली. "सांगायला तोंड नाय हिला! मंजे दोष सुनेचाच!"

"पण माझी एक पद्धत आहे," बाई पुढे म्हणाल्या. "ह्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. जो प्रश्न बाईला, तोच बाप्याला. मनिषानं भंडारा उचलला. मी उचलला. आता तोच प्रश्न त्यालाही विचारा. बाकी मला काही बोलायचं नाही."

गलका झाला. बाप्याला कोण विचारतं हे? एक म्हातारा तर हसलाच. पण काशिराम तात्या हसले नाहीत. दाढी खाजवत त्यांनी ताटाकडे बघितलं. रीतीचा माणूस रीतीत अडकतो.

"बराबर हाय," ते म्हणाले. "भंडारा काय बाईचा येगळा नि बाप्याचा येगळा नसतो. सुभाष, ये पुढं. उचल आनि बोल, माझ्यात दोष नाय. येवढंच बोल आनि मोकळा हो."

"बोल रं," कृष्णाबाई म्हणाली. "घाबरतोस काय? उचल नि टाक बोलून, ह्यांची तोंडं बंद व्हऊ दे."

सुभाष खांबापासून सुटला. मधे जेमतेम चार पावलांचं अंतर, पण त्याला ते संपेना. ताटापुढे गुडघे टेकून बसला. हा उचलेल, त्यांना वाटलं. खोटा उचलेल आणि सगळं संपेल. हा घाबरट आहे, आणि घाबरट माणूस देवापेक्षा शेजाऱ्यांना जास्त भितो.

सुभाषनं हात पुढे केला. बोटं भंडाऱ्यावर आली आणि थरथरायला लागली. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी थांबेना. ओठ हलले. "माझ्यात..." तो म्हणाला. "माझ्यात..." आणि त्यानं डोळे मिटून मूठ भरायला बोटं खाली नेली.

"नको!"

कृष्णाबाई कधी उठली, कधी आली, कुणाला कळलं नाही. म्हातारी ताटावर पालथी पडली. दोन्ही तळवे भंडाऱ्यावर दाबून तिनं ताट छातीशी ओढलं. हळद तिच्या तोंडावर उडाली, लुगड्यावर सांडली.

"कृष्णे, हात काढ," तात्या म्हणाले.

"नाय काढनार."

"का?"

"तो खोटा उचलंल!" म्हातारीचा आवाज फाटला. "ह्याची बोटं बघा! लहानपनी चोरून खाल्लं की अशीच बोटं हलायची ह्याची. खोटा उचलंल नि मरंल माझा सोकरा! येकच हाय मना. येकच हाय वो तात्या!"

बोलून गेली, आणि मग काय बोललो ते तिला कळलं. ती तशीच ताटाला धरून राहिली. हळूहळू तिनं मान वळवून पोराकडे पाहिलं. "मना सांगायचं नाय व्हय?" ती म्हणाली. "तुझ्या आयेला?" सुभाषनं तोंड दोन्ही हातांत लपवलं. आता कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती.

मांडवात कुणी हसलं नाही. ज्या हसण्याला सुभाष इतकी वर्षं भ्याला होता, ते आलंच नाही. बाप्ये खाली बघत होते. काशिराम तात्या खाकरले. "सोडचिठ्ठी नाय," ते म्हणाले. "दुसरं लगीनही नाय. उरणच्या मानसांना निरोप धाडा. मनिषाला हितून फुडं वांझ बोलंल त्याला गावकी इचारील. नांदायचं का माहेरी जायचं, ते आता तीच ठरवील." चांगो बोचकं मांडीवर तसंच घेऊन रडत होता. मोठ्यानं, लहान पोरासारखा.

बाईंच्या अंगातला ताण एकदम सुटला. डोळे भरून आले. जमलं, त्यांना वाटलं. शब्द राहिला आणि पोरगीही राहिली. आता मनिषा उठेल, येऊन गळ्यात पडेल, असंही वाटून गेलं. खोटं कशाला सांगा, वाटलंच.

मनिषा उठली. आधी ती सासूपाशी गेली. म्हातारीची बोटं एकेक करून ताटावरून सोडवली, पदरानं तिचं तोंड पुसलं. "उठा आत्या," म्हणाली. "जवळा उन्हात हाय, कावळे खातील." नवऱ्याच्या शेजारून ती गेली, पण त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. मग ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तुमचा तो शेवटचा प्रश्न. तो मना परत इचारा."

"कुठला?"

"तुमाला ठावं हाय कुठला. मागचं उत्तर चुकलं माझं."

बाईंना समजलं. "मनिषा, मी शपथ घेतली होती..."

"इचारा ना. रोज इचारायला येत व्हता की."

सगळं गाव बघत होतं. प्रश्न तोंडपाठ होता, कितीतरी घरांत विचारलेला, तरी शब्द सापडेनात.

"तुमचं दुखणं," त्या म्हणाल्या, "कुणाला ठाऊक होतं? आणि ठाऊक असून... गप्प कोण राहिलं?"

मनिषानं कमरेवरच्या लुगड्यावर हात ठेवला, बेंबीच्या बाजूला, जिथं ओला डाग होता तिथं.

"नवरा," ती म्हणाली. "आनि तुमी. लिवून घ्या."

आणि सासूच्या दंडाला धरून ती मांडवाबाहेर गेली. बाईंनी पिशवीतून वही काढली. बराच वेळ पान सापडेना. मग सापडलं, आणि मागचं उत्तर खोडून त्यांनी तिनं सांगितलं तसंच लिहून घेतलं.